दहाच्या चौरसाचे एकशे चव्वेचाळीस

वन्सं आमच्याकडे आल्या त्या एका पायावर. दुसरा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि तो त्यांच्या आधी जिना चढत होता, कारण तो आमच्या ह्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. मागून खालच्या मजल्यावरच्या सुताराने खांदे उचलले होते, आणि मधे लटकलेल्या वन्सं दोघांना सांगत होत्या की कोन कमी करा, अजून कमी करा, हं, आता वळा. सुतार नंतर मला म्हणाला, बाईंना खाली ठेवल्यावर मला आपण कपाट नीट बसवल्यासारखं वाटलं.

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. दुसऱ्या गावात एकट्या राहतात, हायस्कूलला बीजगणित आणि भूमिती शिकवतात. शाळेची मुलं त्यांना मागून कर्कटक म्हणतात. हे त्यांना माहीत आहे, आणि आवडतही असावं. कर्कटकाचा एक पाय रोवलेला असतो नि दुसरा फिरतो. इथे दुसऱ्या पायाचंही काही चालेना, तेव्हा वन्संनी नजर फिरवायला घेतली. माझ्या शिलाई मशीनशेजारच्या खुर्चीत बसून, पाय स्टुलावर ठेवून, त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं की कपाटाचं दार काटकोनात मिटत नाही, भिंतीवरचं चित्र कललेलं आहे आणि जिन्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. हे बसडेपोत गाड्यांच्या वेळा लावतात. दुसऱ्या दिवसापासून त्यांची स्वतःची गाडी लवकर सुटायला लागली.

आमचं नणंद-भावजयीचं कधी भांडण झालेलं नव्हतं, त्यामुळे ओळखही झालेली नव्हती. वर्षातून एकदा भेटायचो, एकमेकींना अहो-जाहो करायचो, तब्येती विचारायचो. आता एकाच खोलीत, एक खुर्चीत आणि एक मशीनवर, अशा आम्ही दिवसच्या दिवस बसणार होतो. तब्येत तर चहाच्या पहिल्या कपातच विचारून झाली.

माझीही एक अडचण होती, आणि ती मला कुणाला सांगायची नव्हती. माझा उजवा अंगठा गेला होता. म्हणजे होता जागेवर, पण मुळाशी झिजला होता. आयुष्यभर कात्री चालवली की असं होतं म्हणे. डॉक्टर म्हणाले, आता कात्री ठेवा, नाहीतर पुढे कपही उचलता येणार नाही. मी विचारलं, मग मी करू काय? ते म्हणाले, आराम. हा शब्द ते इतका सहज म्हणाले की मला वाटलं यांना तो कधी मिळालेला नसणार.

दोन गल्ल्या पलीकडे मुलींना शिवण शिकवणारं एक केंद्र आहे. तिथे मी गेली कित्येक वर्षं मदतनीस म्हणून जाते. कापड उलगडायचं, सुया मोजून घ्यायच्या, कुणी बाही उलटी लावली तर उसवून द्यायची. तिथल्या शिकवणाऱ्या बाई आता कामावरून मोकळ्या होणार होत्या. मुख्यबाईंनी मला खोलीत बोलावून सांगितलं होतं की जागा तुमचीच आहे, पण शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा दाखला हवा. माझी शाळा लहानपणी सुटली ती सुटलीच होती. मी बाहेरून परीक्षेला बसले, भाषा सुटली, इतिहास सुटला, विज्ञानाने थोडं रडवलं पण तेही सुटलं. राहिलं गणित. मुख्यबाई म्हणाल्या, नवा वर्ग सुरू होईपर्यंत थांबते, त्यानंतर मला दुसरं कुणीतरी घ्यावं लागेल. म्हणजे हिशेब असा होता, की हा पेपर सुटला तर कात्री खाली ठेवून खडू हातात घ्यायचा, नाही सुटला तर नुसतीच कात्री खाली ठेवायची.

वन्संच्या हे लक्षात आलं ते मशीनखालच्या टोपलीतून. चिंध्यांच्या खाली माझं भूमितीचं पुस्तक होतं, आणि वन्संना खुर्चीत बसून तेवढीच एक टोपली हाताला लागत होती. त्यांनी ते काढलं, चाळलं, आणि उपाशी माणसाने ताटाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. शाळा बुडाल्यापासून त्यांनी कुणालाही काही शिकवलेलं नव्हतं.

आमची शिकवणी लगेच सुरू झाली, आणि ती आमच्या धंद्याच्या पद्धतीने चालली. आमच्याकडे एक जण गिऱ्हाइकाच्या अंगावर टेप धरून आकडे म्हणते आणि दुसरी ते ऐकत कापडावर खडू चालवते. मध्ये लिहिणं वगैरे नसतं. वन्सं खुर्चीतून उदाहरण वाचायच्या, मी टेबलापाशी कापड बेतता बेतता ऐकायचे आणि उत्तर सांगायचे. त्यांना ही पद्धत पसंत नव्हती, पायऱ्या लिहा म्हणायच्या. पण गणवेशांचं काम अंगावर होतं, आणि पायऱ्यांवरून जिन्याचा विषय निघायचा, म्हणून त्या फार ताणायच्या नाहीत.

बीजगणित मला आवडलं. खोटं सांगत नाही. पहिले दोन-तीन दिवस क्ष कोण हे मला कळेना. मग माझं मला सुचलं, की काही गिऱ्हाइकं स्वतः कधीच येत नाहीत. जुना कपडा मापाला पाठवतात. बाई डोळ्यांनी दिसत नाही, पण तिच्या जुन्या झग्याची कंबर किती, बाही कुठे ताणलीय, शिवण कुठे विरलीय, हे बघून तिचं सगळं अंग काढता येतं. क्ष तसाच. तो घरी बसलेला आहे आणि समीकरण हा त्याचा जुना कपडा आहे. मी हे वन्संना सांगितलं. त्या म्हणाल्या, इतकी वर्षं शिकवतेय पण असं कुणी सांगितलं नाही. पेपरात मात्र लिहू नका.

बरोबरच्या चिन्हापलीकडे गेलं की अधिकचं उणे होतं, हेही मला चटकन पटलं. मी म्हटलं, सासरी गेलेल्या मुलीसारखं आहे हे, इकडे जी लाडकी ती तिकडे गेली की उणी. वन्सं म्हणाल्या, तिच्या सासरी नणंद असणार. आणि आम्ही दोघी हसलो, म्हणजे आधी त्या हसल्या, मग हसायला हरकत नाही हे बघून मी हसले.

गोची झाली ती भूमितीत. सिद्धता जमत होत्या. दोन त्रिकोण एकरूप का, ते एकावर एक ठेवून दाखवायचं असतं, आणि दोन बाह्या एकीवर एक ठेवण्यात माझा जन्म गेलेला. पण क्षेत्रफळ आलं की माझं उत्तर चुकायचं. बारा नि सातचा आयत, मी म्हणायचे एकशे सव्वीस. पुस्तकात मागे चौऱ्याऐंशी. त्रिकोणाचा पाया आठ, उंची पाच, माझं उत्तर पस्तीस. पुस्तकात वीस. दहा बाजूचा चौरस, ज्याचं उत्तर खालच्या सुताराची लेकही सांगेल, त्याचे मी एकशे चव्वेचाळीस सांगितले, आणि तेही कापडावरची नजर न काढता, अगदी खात्रीने. मागच्या परीक्षेतही मी असंच काहीतरी लिहून आले असणार. तिथेच मार खाल्ला होता.

वन्संना वाटलं माझे पाढे कच्चे आहेत. त्यांनी मला बाराचा पाढा म्हणायला लावला. मी म्हटला. पंधराचा, सतराचा, एकोणीसचा म्हटला. हे अंघोळ करून बाहेर आले, माझा एकोणीसचा पाढा ऐकला आणि चपला शोधायला लागले. पाढे पक्के होते. तरी उत्तर पुन्हा तेच. वन्सं आवाज चढवत नाहीत, उलट एकेक पायरी खाली आणतात, आणि तो जमिनीला टेकला की समजावं. एका दुपारी तो टेकला. पुस्तक मिटून त्या म्हणाल्या, "वहिनी, मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. या खेपेला हे जमेल असं मला वाटत नाही."

कापड पुढ्यात होतं, ते मी कापत राहिले. अंगठ्यातून कळ कोपरापर्यंत गेली आणि परत आली. पुढच्या खेपेला जमून काय उपयोग, एवढंच डोक्यात होतं. पुढच्या खेपेला तिथे फळ्यापाशी दुसरी कुणीतरी उभी असेल, आणि मी घरी खुर्चीत बसून दारं काटकोनात मिटतात का ते बघत असेन. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघांनी सूप प्यायलं आणि मीठ कमी आहे हेसुद्धा कुणी बोललं नाही.

सकाळी मी मशीनवरचं कापड काढत होते तर वन्सं आधीच जाग्या, आधीच ताठ, आणि मांडीवर पुस्तक. त्यांनी मला समोर बसायला सांगितलं. उभं नाही, कापड नाही, बसायचं. मग म्हणाल्या की मुलांच्या चुका मी वर्षानुवर्षं तपासल्या आहेत. त्या सांडलेल्या मण्यांसारख्या असतात, एक इकडे, एक तिकडे. तुमच्या तशा नाहीत. तुमचं उत्तर दर वेळी मोठं येतं, एकदाही लहान आलेलं नाही. ज्याला येत नाही तो इतका नेमाने चुकू शकत नाही. तेव्हा इथे काहीतरी आहे आणि ते मला दिसत नाही. मग त्यांनी कपडे बेतायच्या खाकी कागदाचा तुकडा माझ्यापुढे सरकवला.

"एक बाई आहे," त्या म्हणाल्या. "दहा सेंटीमीटर बाजूच्या चौरसाचं क्षेत्रफळ ती एकशे चव्वेचाळीस सांगते. ती प्रत्येक बाजूत काहीतरी वाढवतेय. किती वाढवतेय?"

"कोण बाई?"

"असेल कुणीतरी. क्ष माना आणि लिहा. पायऱ्यांसकट."

मी लिहिलं. दहा अधिक क्ष, कंसाचा वर्ग, बरोबर एकशे चव्वेचाळीस. कंस सोडवला, शंभर आले, वीस क्ष आले, क्षचा वर्ग आला. एकशे चव्वेचाळीस अलीकडे आणले, येताना ते उणे झाले, शंभरातून गेले, उरले उणे चव्वेचाळीस. क्षचा वर्ग अधिक वीस क्ष उणे चव्वेचाळीस बरोबर शून्य. अवयव पाडायचे. चव्वेचाळीस कशाकशाचे, अकरा चोक, बावीस दुणे. बावीसातून दोन गेले तर वीस उरतात. बसलं. क्ष बरोबर दोन, नाहीतर क्ष बरोबर उणे बावीस.

वन्सं म्हणाल्या, एक उत्तर टाका आणि का टाकलं ते सांगा. मी उणे बावीस खोडलं. म्हटलं, दहाच्या कापडातून बावीस कापता येत नाहीत.

मग दोनच्या खाली दोन रेघा मारल्या आणि त्या दोनकडे बघत बसले. बाजूत दोन वाढवणारी बाई. एका कडेला एक, दुसऱ्या कडेला एक. माझा हात आपोआप गळ्यातल्या टेपकडे गेला. टेप माझ्या गळ्यात सकाळपासून झोपेपर्यंत असतो, कधीकधी झोपेतही.

"वन्सं," मी म्हटलं, "ही बाई शिलाईला माया ठेवतेय."

त्यांना कळलं नाही. शिवण त्यांनी आयुष्यात केलेली नाही, बटणसुद्धा त्या शिपायाला सांगून लावून घेतात. मी समजावलं. कुणाची छाती चौतीस असली तर चौतीसचं कापड कापून चालत नाही. दोन्ही कडांना शिवणीत जायला थोडं जास्त सोडावं लागतं, आत दुमडून राहतं ते, त्याला माया म्हणतात. कसलेल्या कापणाऱ्याला हे मनात आणावं लागत नाही. म्हणणारी म्हणते चौतीस, आणि तो आकडा कानातून हातापर्यंत येईस्तोवर वाढलेला असतो. तुम्ही बारा म्हणता, माझा हात चौदा ऐकतो. तुम्ही सात म्हणता, हात नऊ ऐकतो. चौदा नि नऊ. पुढचा गुणाकार मी बरोबरच करत होते.

वन्संनी ताबडतोब ताळा घेतला. चौदा गुणिले नऊ, एकशे सव्वीस. त्रिकोणाचा पाया दहा, उंची सात, निम्मे पस्तीस. एकेक उत्तर जुळत गेलं तसा त्यांचा चेहरा मऊ पडत गेला. मग त्यांना काहीतरी आठवलं आणि त्यांनी भराभर मागची पानं उलटली.

"अगं, पण हे तर खेळाचं मैदान होतं," त्या म्हणाल्या. "ऐंशी मीटर लांब. तू मैदानाला एकेक मीटर माया ठेवलीस?"

"मोठं असतं ना मैदान," मी म्हटलं. "उसवलं तर?"

वन्सं इतक्या हसल्या की प्लास्टरचा पाय स्टुलावरून घसरला आणि मग आम्ही दोघींनी मिळून तो परत वर ठेवला. आपण मला अगं म्हटलं हे त्यांच्याही नंतर लक्षात आलं. त्यांनी ते परत घेतलं नाही.

चूक सापडली म्हणजे गेली असं मात्र नसतं. हाताला कोण सांगणार. मी अगदी मनाला बजावून बसायचे, की बारा म्हणजे बारा, आणि उत्तर यायचं चौदाचं. वन्संनी पहिला उपाय म्हणून माझा टेप जप्त केला. गळ्यातून काढून घेतला, गुंडाळला आणि आपल्या पिशवीत टाकला. मला मान उघडी पडल्यासारखी वाटायची. गिऱ्हाईक आलं की मी त्यांच्याकडे टेप मागायचे आणि त्या मोजणी होईपर्यंत नजर ठेवून तो परत घ्यायच्या. ह्यांनी हे एकदा पाहिलं आणि विचारलं की तुमचं नेमकं काय चाललंय. वन्सं म्हणाल्या, व्यसनमुक्ती. मग आकृती काढायच्या आधी माप मोठ्यांदा म्हणायचं, दोनदा म्हणायचं, असंही करून पाहिलं. थोडा फरक पडला, पण घाई झाली की हात पुन्हा आपल्या वळणावर जायचा.

शेवटी गुण आला तो वन्संच्या एका वाक्याने, आणि त्या ते वैतागून बोलल्या होत्या. म्हणाल्या, गणितातला चौकोन शिवून झालेला असतो ग बाई, त्याला आता कुणी हात लावायचा नसतो. शिवून झालेला. हे मला कुणी आधी का नाही सांगितलं? शिवून झालेल्या कपड्याला मी काय करते हे मला पक्कं ठाऊक होतं. इस्त्रीला टाकायच्या आधी शिवणीवरून अंगठ्याचं नख दाबत नेते, म्हणजे ती बसते. एकदा नख फिरलं की तो कपडा माझ्या हातातून सुटला. मी कागदावर आयत काढला आणि चारी बाजूंवरून नख दाबत फिरवलं. अंगठा ठणकला. पण उत्तर चौऱ्याऐंशी आलं.

त्यानंतर मी एकही आकृती नख फिरवल्याशिवाय सोडली नाही. प्लास्टर निघालं, वन्सं काठी घेऊन खोलीतल्या खोलीत चालायला लागल्या, आणि चालता चालता उदाहरणं म्हणायला लागल्या. त्यांची शाळा त्यांना बोलावत होती. त्या म्हणाल्या, हिचा पेपर होऊ दे, मग जाते.

परीक्षेच्या सकाळी दारावरच्या माणसाने मला अदबीने सांगितलं की पालकांनी बाहेरच्या बाकावर बसावं. मी प्रवेशपत्र दाखवलं. त्याने फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि माझ्यासाठी पुढचा बाक पुसून दिला, जणू बाक पुसला की वय कमी होतं. शेजारी एक मुलगी होती, तिच्या गणवेशाची कॉलर मी शिवलेली. तिला ते माहीत नव्हतं. मला कॉलर बघून जरा धीर आला.

बीजगणिताचा भाग नीट गेला. जुना कपडा बघितला, बाई काढली, पुढच्या कपड्याकडे वळले. भूमितीतली सिद्धता झाली. त्रिकोण झाला, नख फिरवून. आणि मग एक उदाहरण आलं. वीस मीटर लांब नि बारा मीटर रुंद बाग, तिच्या सभोवार बाहेरून दोन मीटर रुंदीचा रस्ता. रस्त्याचं क्षेत्रफळ काढा.

मी बागेचा आयत काढला, नख फिरवलं, वीस नि बाराचे दोनशे चाळीस लिहिले. मग रस्ता. दोन्ही कडांना दोन-दोन. हात चोवीस लिहायला निघाला आणि मी तो मागे घेतला. कारण नेमकं हेच तर करायचं नाही म्हणून मी गळा उघडा टाकून बसले होते. हे उदाहरण विचारतंय की माझं जुनं दुखणं बोलतंय? मी वाक्य पुन्हा वाचलं, बोट ठेवून वाचलं. सभोवार. बाहेरून. म्हणजे या खेपेला माया मी ठेवलेली नव्हती, विचारणाऱ्याने स्वतः ठेवलेली होती. मी चोवीस लिहिले, सोळा लिहिले, तीनशे चौऱ्याऐंशी आले. त्यातून बाग वजा केली.

एकशे चव्वेचाळीस.

हा आकडा मला चांगला ओळखीचा होता. त्याच्यावरून मी पाढे म्हटले होते. पेन उत्तरावर आडवं धरून मी बसून राहिले, एक रेघ मारली असती की खोडलं गेलं असतं. बाहेर कुणीतरी सायकल उभी करत होतं, ती दोनदा पडली. मग माझ्या मनात आलं, की रस्ता म्हणजे तरी काय, टेबलक्लॉथला लावतो तसला गोट. गोट लावायला मी काय करते? चार पट्ट्या कापते. दोन लांब, कोपऱ्यांसकट, चोवीस लांबीच्या नि दोन रुंदीच्या, अठ्ठेचाळीस आणि अठ्ठेचाळीस. दोन आखूड, कोपरे सोडून, बारा लांबीच्या, चोवीस आणि चोवीस. शहाण्णव आणि अठ्ठेचाळीस. एकशे चव्वेचाळीस.

मी पट्ट्यांवरूनही नख फिरवलं आणि पान उलटलं.

घरी आले तर वन्सं जिन्याच्या तळाला उभ्या. त्या पडल्यापासून पहिल्यांदाच एकट्या खाली उतरल्या होत्या, पायऱ्यांना नावं ठेवत ठेवत. त्यांनी पेपर कसा गेला असं विचारलं नाही. त्या विचारतच नाहीत तसं. कुठली उत्तरं आठवतात, म्हणाल्या. मी क्ष सांगितले. त्यांनी मान हलवली. मग मी म्हटलं, "बागेच्या उदाहरणाचं एकशे चव्वेचाळीस."

त्यांचा चेहरा जागच्या जागी थांबला. काठी भिंतीला टेकवून त्या हळूच खालच्या पायरीवर बसल्या आणि माझ्यासाठी शेजारी जागा केली. मग त्यांनी माझा हात हातात घेतला, तोच अंगठ्याचा, आणि मला कळलं की ह्या आता माझं सांत्वन करणार आहेत. आणि सांत्वन त्यांना येत नाही, ते ऐकणं फार अवघड जाईल.

"उदाहरण तर ऐका," मी म्हटलं.

मी सांगितलं. वीस, बारा, सभोवार बाहेरून दोन. वन्संनी काठी उलटी धरली आणि तिच्या टोकाने जिन्यापुढच्या धुळीत आयत काढला. त्याच्या बाहेर दुसरा काढला. आकडे म्हणाल्या, स्वतःशीच, ओठ हलवत. सुतार दारात येऊन उभा राहिला, त्याला वाटलं काही मापाचं काम निघालं असेल. वन्संनी काठी थांबवली.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. मग पुन्हा एकदा बेरीज करून, "बरोबर आहे. दर वर्षी माझ्या वर्गातली निम्मी मुलं इथे एकाच कडेला वाढवतात. तू दोन्ही कडांना वाढवलंस."

"एका कडेला कोण वाढवेल?" मी म्हटलं. "तिरकं नाही का होणार?"

मी पास झाले. गुण किती ते सांगत नाही. शिवण उसवणार नाही इतके होते. मुख्यबाईंनी मला पुन्हा त्याच खोलीत बोलावलं आणि खडूचा डबा दिला, आणि मी आता फळ्यापाशी असते. मुली कापतात, मी सांगते. कात्री घरी मशीनच्या बाजूच्या खिळ्याला टांगलेली आहे. अंगठा हवा बदलली की बोलतो, एरवी गप्प असतो.

कात्री टांगायच्या आधी मी शेवटचा एक कपडा कापला, वन्संचा कोट. त्यांना जायच्या दिवशी घालायला हवा होता. त्यांनी मापाबद्दल फार सूचना दिल्या. मला ढगळ कपडा चालत नाही, अंगाबरोबर बसला पाहिजे, एक सूत इकडे तिकडे नको. मी हो हो म्हटलं. कोट अंगाबरोबर बसला. हे त्यांना स्टँडवर सोडायला गेले, आणि परत येऊन कपाटाचं दार काटकोनात मिटतंय का ते स्वतःच बघत उभे राहिले.

पंधरवड्याने वन्संचा फोन आला. शाळा सुरू झाली होती, पाय ठीक होता, मुलं होती तशीच होती. मग त्या म्हणाल्या की कोटाचं अस्तर जरा वर करून पाहिलं, तर आत शिवणीत केवढं तरी कापड दुमडलेलं आहे. सगळीकडे. एवढं कशाला सोडलंस?

मी म्हटलं, असू दे. पुढे अंग भरलं तर लागेल.

"मी नाही भरत," वन्सं म्हणाल्या. "किती सोडलंयस?"

"तुम्ही काढा. क्ष माना."

पलीकडे फोन कुठेतरी लाकडावर ठेवल्याचं ऐकू आलं, खुर्ची सरकली. आणि मग एक आवाज आला जो मी झोपेतही ओळखेन, गुंडाळलेला टेप झटक्याने उलगडल्याचा. मी गळ्याला हात लावला. माझा टेप त्यांच्या पिशवीतून परत घ्यायचा राहून गेला होता.

मी फोन कानाला धरून बसले. घाई काहीच नव्हती. त्या दोनदा मोजणार हे मला माहीत होतं.